घरच्या रिमोट डेस्कटॉपचा आयपी काळ्या यादीत गेलाय. बाहेर कसा काढू, आणि पुन्हा जाऊ नये म्हणून काय करू?

खातेवही (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. मी कर सल्लागार आहे. गिरगावातल्या आमच्या जुन्या घरी, जिथे आई-बाबा राहतात, माझा कामाचा संगणक बारा महिने चालू असतो. टॅली आणि पक्षकारांच्या सगळ्या फायली त्यावरच आहेत. मी राहतो डोंबिवलीला. रोजचा लोकलचा प्रवास आता झेपत नाही, म्हणून आठवड्यातले चार दिवस घरूनच रिमोट डेस्कटॉप लावून, म्हणजे तिकडचा संगणक इथल्या पडद्यावर उघडून, काम करतो. त्यासाठी केबलवाल्याकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला. दोन वर्षांपूर्वी नेटवर्किंगच्या एका मुलाने राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (बाहेरून रिमोट डेस्कटॉपपर्यंत येण्याचं दार) उघडून दिला, तेव्हापासून सगळं सुरळीत होतं.

गेल्या आठवड्यापासून मात्र गिरगावच्या त्या संगणकावरून पाठवलेली बिलं परत यायला लागली. परतीच्या मेलमध्ये आमचा आयपी आणि 'स्पॅमहाउस' असं नाव दिसतं. बँकेचं संकेतस्थळ उघडलं की 'ॲक्सेस डिनाइड'. साधं काही शोधायला गेलं तरी सिग्नलची आणि झेब्रा क्रॉसिंगची चित्रं निवडत बसावं लागतं. २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचेत आणि माझ्याकडे अडतीस पक्षकार आहेत. राउटर बंद करून पुन्हा चालू केला, पण आयपी स्टॅटिक असल्यामुळे तोच राहतो.

यादीतून नाव काढायचा अर्ज असतो असं वाचलं. पण तो करण्याआधी विचारतो: हे झालं कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

लोकल_८_४२ (सोमवार, रात्री १०:५८)

माझ्याकडेही चित्रांचा तोच छळ चालू आहे, भांडुपला. मेल मात्र जातात. वाचतोय.

जाळेकर (सोमवार, रात्री ११:२५)

खातेवही, अर्ज थांबवलात ते उत्तम केलंत. स्पॅमहाउस ही संशयास्पद आयपींच्या काळ्या याद्या ठेवणारी संस्था आहे, आणि मेल सर्व्हर त्या बघून मेल अडवतात. आधी हे सांगा की तिच्या कोणत्या यादीत नाव आहे. त्यांच्या संकेतस्थळावर आयपी टाकला की कळतं. दोन याद्यांमध्ये लोकांची गल्लत होते.

पीबीएल ही धोरणाची यादी आहे. घरगुती जोडणीवरून थेट २५ पोर्टवर मेल पाठवू नयेत, एवढंच ती म्हणते. बऱ्याचदा इंटरनेट कंपनी स्वतःच आपले पत्ते तिच्यात घालते. तिथे असणं हा गुन्हा नाही. मेल ५८७ पोर्टवरून, लॉगिन करून, मेल सर्व्हरमार्फत पाठवला की या यादीची अडचण येत नाही.

एक्सबीएल मात्र वेगळी. तिच्यात पत्ता गेला याचा अर्थ त्या पत्त्यावरून खरोखर काहीतरी वाईट बाहेर पडताना दिसलंय: व्हायरस लागलेलं यंत्र, किंवा दुसऱ्याच कोणासाठी प्रॉक्सी, म्हणजे मधला आडोसा, म्हणून वापरलं जाणारं यंत्र. हा मामला असेल तर घरात शोधावं लागेल.

आणि ३३८९ आत्ताच्या आत्ता बंद करा. उद्या सकाळी नको, आज रात्रीच.

सानिका_मुलुंड (सोमवार, रात्री ११:४१)

३३८९ बंद करण्याला माझा जोरदार पाठिंबा. २०१९ च्या मे महिन्यात विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली होती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. रिमोट डेस्कटॉप उघड्यावर ठेवणं तेव्हापासून मी सोडलं.

अण्णा_परळ (मंगळवार, सकाळी ६:१०)

तुमच्या तांत्रिक चर्चेत एक म्हातारा घुसतोय, माफ करा. आमचा छापखाना होता, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्याकडे कमरेएवढं पाणी. संगणक टेबलाखाली होता, आत गिऱ्हाइकांची नऊ वर्षांची कामं. सगळं गेलं. म्हणून सांगतो, काम दोन ठिकाणी ठेवण्याची तुमची पद्धत मला फार आवडली. ती सोडू नका. पत्त्याचा प्रश्न सुटेल.

खातेवही (मंगळवार, सकाळी ८:०५, डोंबिवली फास्टमधून)

अण्णा, मनापासून आभार.

जाळेकर, एक्सबीएलच आहे. काल रात्रीच बाबांना फोनवर सांगून राउटरचं पान उघडायला लावलं आणि ३३८९ चा नियम काढून टाकला. आता गिरगावलाच निघालोय, कारण आत शिरायला रस्ता उरला नाही. तिथे जाऊन काय बघू?

जाळेकर (मंगळवार, सकाळी ८:३०)

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी. ४६२५ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे फसलेले लॉगिन, ४६२४ म्हणजे यशस्वी. ४६२४ मध्ये लॉगॉन टाइप १० असेल आणि पत्ता तुमचा नसेल, तर संगणक सरळ इंटरनेटवरून काढा आणि पुन्हा फोन करा, म्हणजे इथे लिहा.

पोर्टबदलू (मंगळवार, सकाळी ९:१५)

मी ३३८९ ऐवजी पाच आकडी पोर्ट ठेवलाय. तीन वर्षं झाली, कोणी आलं नाही. एवढी धावपळ कशाला?

जाळेकर (मंगळवार, सकाळी ९:४०)

पोर्टबदलू, खटखट कमी होते हे मान्य. पण शोदानसारखी शोधयंत्रं २००९ पासून सगळे पत्ते चाळतायत आणि उघडा पोर्ट कुठल्याही आकड्यावर असला तरी आत कोणती सेवा बोलतेय ते ओळखतात. दाराचा नंबर बदलला तरी दार रस्त्यावरच उघडतं. तुम्ही तुमच्या ४६२५ च्या नोंदी एकदा मोजून बघा आणि इथे आकडा द्या.

खातेवही (मंगळवार, दुपारी १२:२०)

बघितलं आणि हात गार पडले. फक्त शनिवारच्या रात्रीत अकरा हजारांवर ४६२५. वापरकर्त्यांची नावं काय काय: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, स्कॅन, बॅकअप, आणि 'टॅली'सुद्धा! कोणीतरी दर काही सेकंदांनी कडी वाजवतंय आणि मी दोन वर्षं निवांत.

४६२४ टाइप १० फक्त माझेच आहेत, सगळे डोंबिवलीच्या पत्त्यावरून. म्हणजे आत कोणी आलेलं दिसत नाही. पूर्ण स्कॅन लावलाय.

पोर्टबदलू (मंगळवार, दुपारी १:०२)

मोजले. चार महिन्यांचे सहाशे. तुमच्यापेक्षा कमी, पण मला वाटत होतं तसे शून्य नाहीत. जाळेकर, पर्याय सांगा.

जाळेकर (मंगळवार, दुपारी १:४५)

दोघांनाही एकच. इंटरनेटच्या बाजूने रिमोट डेस्कटॉपचा एकही पोर्ट उघडा ठेवायचा नाही. आधी व्हीपीएन, म्हणजे आपल्याच यंत्रांमधला खाजगी बोगदा, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप. राउटरला जमत असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा. त्याचा फायदा असा की ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही दिसत नाही. राउटरला जमत नसेल तर टेलस्केल टाका, तेही व्हीपीएनच. त्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरमध्ये काहीच उघडावं लागत नाही.

मग विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा जो नियम आहे, त्याच्या स्कोप टॅबमध्ये फक्त व्हीपीएनचे पत्ते लिहा. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (पडदा दिसण्याआधीच पासवर्ड विचारणारी सोय) चालू ठेवा. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर दहा मिनिटं कुलूप, हा नियम विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत आपोआप असतो. विंडोज १० असेल तर हाताने लावा. खरं तर विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तेही मनावर घ्या.

सानिका_मुलुंड (मंगळवार, दुपारी २:३०)

हा सगळा खटाटोप टाळून टॅली सरळ एखाद्या डेटा सेंटरच्या सर्व्हरवर का ठेवत नाही? घरचा पत्ता हवाच कशाला?

खातेवही (मंगळवार, दुपारी २:५५)

ताई, विचार केला होता. दोन अडचणी. पक्षकारांच्या फायली माझ्या घराबाहेर ठेवायला मला त्यांची परवानगी लागेल, आणि निम्मे तरी नाही म्हणतील. दुसरं म्हणजे एका मित्राने तसं केलंय. त्याला बँकेच्या संकेतस्थळावर माझ्यापेक्षा जास्त अडवलं जातं.

जाळेकर (मंगळवार, दुपारी ३:१०)

बरोबर आहे. डेटा सेंटरचे पत्ते कोणते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथून माणूस सहसा बँक उघडत नाही, म्हणून संशय आधीच जास्त. घरच्या पत्त्यावर विश्वास टाकला जातो. आणि म्हणूनच चोरांनाही घरचाच पत्ता हवा असतो.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ११:५०)

याच विषयावर एक प्रश्न. मी अंधेरीहून परदेशी कंपनीचं काम करतो. एका सेवेकडे 'रेसिडेन्शियल आयपी' भाड्याने मिळतात, लाखोंनी. तो घेतला की माझा रिमोट डेस्कटॉप कधीच काळ्या यादीत जाणार नाही असं ते म्हणतात. कोणी घेतलंय का?

जाळेकर (बुधवार, सकाळी ७:२०)

रात्रपाळी, हे लाखो घरचे पत्ते येतात कुठून याचा विचार करा. फुकट व्हीपीएन, फुकट गेम, फुकट सिनेमाचं ॲप टाकणाऱ्या माणसाच्या घरातून. बहुतेकांना आपला पत्ता विकला जातोय हे ठाऊकही नसतं. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेने ९११ एस५ नावाचं असंच जाळं मोडलं. त्यात १.९ कोटी आयपी पत्ते होते, जवळपास दोनशे देशांतले. फुकट व्हीपीएनच्या आडून ते उभं राहिलं होतं आणि त्या घरांच्या नावाने फसवणुकी झाल्या. पोलीस दार ठोठावतात ते पत्ता ज्याच्या नावावर आहे त्याचं.

तुम्ही भाड्याने घ्याल तो पत्ता अशाच कोणाचा असू शकतो. आणि तुमच्याआधी त्यावर कोण बसून गेलंय हे तुम्हाला कळणार नाही. कंपनीला सरळ सांगा की माझा घरचा स्थिर पत्ता हा आहे, याला परवानगी द्या.

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ७:४५)

हे माहीत नव्हतं. नाही घेत. आजच कंपनीच्या आयटीला लिहितो.

लोकल_८_४२ (बुधवार, सकाळी ८:४४)

माझं काय? मी काही उघडलेलं नाही, घरात दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप. तरी चित्रं निवडायला लावतात.

सानिका_मुलुंड (बुधवार, सकाळी ९:३०)

राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होतो का? आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावर 'माझा आयपी' विचारलात तर वेगळाच दिसतो का?

लोकल_८_४२ (बुधवार, सकाळी ९:५२)

हो! राउटरवर १००.८१ ने सुरू होणारा आणि बाहेर वेगळाच.

सानिका_मुलुंड (बुधवार, सकाळी १०:१५)

मग तुम्ही सीजीनॅटमागे आहात. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरेनात म्हणून कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. त्यासाठीच ती १००.६४ ची मालिका २०१२ मध्ये राखून ठेवली गेली. चाळीतल्या सामाईक नळासारखं समजा. कोणी एकाने खाली घाण केली की पाणी सगळ्यांचंच गढूळ. तुम्ही घर कितीही स्वच्छ ठेवलंत तरी बाहेरच्या पत्त्याचं नाव तुमच्या हातात नाही. केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागा, किंवा निदान आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू करून घ्या. आयपीव्ही६ मध्ये याद्या साधारण प्रत्येक घराला मिळणारा स्लॅश ६४ चा गट धरून चालतात, त्यामुळे शेजाऱ्याचं पाप सहसा तुमच्या माथी येत नाही.

(टेलस्केल टाकल्यावरही संगणकाला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, त्याच मालिकेतला. तो बघून गोंधळू नका.)

खातेवही (शुक्रवार, रात्री ९:३०)

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण मामला मी समजलो होतो तसा नाही.

मंगळवारी स्कॅन स्वच्छ आला. टेलस्केल बसवलं, ३३८९ बंदच. स्पॅमहाउसकडे नाव काढायचा अर्ज केला. पैसे मागत नाहीत, आणि काही तासांत नाव निघालं. बुधवारी बिलं गेली. आनंदात होतो.

आज सकाळी पुन्हा यादीत!

जाळेकर (शुक्रवार, रात्री ९:४८)

अर्जाच्या पानावर शेवटचं कधी दिसलं ती वेळ असते. ती इथे लिहा, जशीच्या तशी.

खातेवही (शुक्रवार, रात्री ९:५५)

गुरुवार २०:५२ यूटीसी.

जाळेकर (शुक्रवार, रात्री ९:५८)

साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे शुक्रवारची पहाट, २ वाजून २२ मिनिटं. तेव्हा संगणकावर काय चालू होतं?

खातेवही (शुक्रवार, रात्री १०:०३)

काहीच नाही. गुरुवारी रात्री बाबांनी संगणक बंद केला होता, मीच सांगितलं होतं, यूपीएसची बॅटरी बदलायची होती म्हणून. सकाळी नऊला चालू केला.

थांबा. म्हणजे संगणक नव्हताच?

जाळेकर (शुक्रवार, रात्री १०:०६)

नव्हताच. घरात रात्री अडीचला आणखी काय जागं असतं?

अण्णा_परळ (शनिवार, सकाळी ५:५०)

रात्रभर या धाग्याचा विचार करत होतो. कॅमेरा आहे का हो घरी? आमच्या सोसायटीतल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड बसवल्यापासून तोच होता. मुलाने सांगितलं की २०१६ साली मिराई नावाच्या भानगडीत असेच कॅमेरे वापरून मोठमोठी संकेतस्थळं पाडली होती. मग मी सेक्रेटरीच्या मागे लागून बदलून घेतला.

खातेवही (शनिवार, दुपारी ४:१५)

सापडलं.

जाळेकरांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं राउटरमध्ये २५ पोर्टवर बाहेर जाणारं सगळं अडवलं आणि नोंद चालू केली. आपल्या मेलला ५८७ लागतो, त्यामुळे काही अडलं नाही. मग बाबांच्या शेजारी बसून चहा घेत नोंदी बघत होतो. पंधरा मिनिटांत १९२.१६८.१.१४ या एकाच यंत्राच्या नोंदींनी पान भरलं, कुठकुठल्या देशांतल्या पत्त्यांवर २५ ठोकतंय. टीव्ही बंद होता. घरात पंख्याशिवाय कसलाही आवाज नाही.

१४ म्हणजे टीव्हीमागची काळी डबी. मागच्या दिवाळीत बाबांनी बाजारातून आणलेली, कोणत्याच कंपनीचं नाव नसलेली. 'सगळे सिनेमे फुकट' म्हणून. बाबा टीव्ही रिमोटने बंद करतात, डबीचा प्लग मात्र कधीच निघत नाही. तिचा बारीक निळा दिवा रात्रंदिवस चालू. मी गणपतीतही तो पाहिला होता.

प्लग काढला. नोंदी तिथल्या तिथे थांबल्या. पुन्हा लावला, चाळीस सेकंदांत सुरू. पुन्हा काढला.

बाबांना फार वाईट वाटलं. "माझ्यामुळे तुझं काम अडलं," म्हणाले. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षं दार सताड उघडं मी ठेवलं होतं, तुम्ही तर फक्त जुने नाट्यप्रयोग बघत होतात.

जाळेकर (शनिवार, दुपारी ४:४०)

शाब्बास. बाबांना सांगा, त्यांच्यासारखे लाखो आहेत. २०२५ च्या जूनमध्ये एफबीआयने नेमक्या अशाच डब्यांबद्दल इशारा दिला होता. त्या जाळ्याचं नाव बॅडबॉक्स २.०. पुढच्याच महिन्यात गूगलने त्यावर खटला भरला, तेव्हा एक कोटीहून जास्त यंत्रांचा आकडा दिला होता. काही डब्या कारखान्यातूनच तशा येतात, त्यामुळे रीसेट करून भागत नाही. टाकूनच द्या, कोणाला देऊ नका.

रात्रपाळी, तुम्ही विचारत होतात ना भाड्याचे घरचे पत्ते कुठून येतात. अशा डब्यांतूनही येतात.

रात्रपाळी (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

वाचून अंगावर काटा आला. कंपनीने माझा घरचा पत्ता मंजूर केलाय, शुक्रवारीच कळलं.

सानिका_मुलुंड (शनिवार, संध्याकाळी ६:००)

खातेवही, दोन कामं राहिली. टीव्ही, कॅमेरा, पाहुण्यांचे मोबाइल हे सगळं गेस्ट वायफायवर टाका म्हणजे टॅलीच्या यंत्रापर्यंत त्यांची पोहोच राहत नाही. आणि राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, नाहीतर आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतं. शंका असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनं फुकट आहेत, २०१७ पासून चालू आहे ते.

पोर्टबदलू (रविवार, सकाळी १०:२०)

मीही आज वायरगार्ड बसवलं. एक शंका: मी आज्ञावलीतून स्पॅमहाउसला विचारलं तर उत्तर १२७.२५५.२५५.२५४ आलं. ही कुठली यादी?

जाळेकर (रविवार, सकाळी ११:०५)

कुठलीच नाही, घाबरू नका. तुम्ही ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) विचारलंत, आणि तिथून विचारलेल्याला ते खरं उत्तर देत नाहीत. १२७.०.०.४ आलं असतं तर एक्सबीएल, १२७.०.०.१० किंवा ११ आलं असतं तर पीबीएल. त्यांच्या संकेतस्थळावरच बघा, सोपं पडतं.

खातेवही (पुढचा मंगळवार, रात्री १०:१०)

दहा दिवस झाले, पत्ता स्वच्छ. अडतीसच्या अडतीस ३बी वेळेत गेले. रोज सकाळी यादी तपासतो आणि राउटरची २५ ची नोंद बघतो, दोन मिनिटांचं काम. बाबांना एका नावाजलेल्या कंपनीची डबी आणून दिली आणि ती गेस्ट वायफायवर लावली. प्लग मात्र ते आता रोज रात्री स्वतः काढतात.

लोकल_८_४२ (पुढचा मंगळवार, रात्री १०:३५)

माझीही खबर देतो. केबलवाल्याने स्टॅटिक आयपी दिला. या धाग्यामुळे पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच, जिन्यात उभं राहून मोबाइलवर तो पत्ता तपासला. एक्सबीएलमध्ये होता, आधीच्या गिऱ्हाइकाच्या काळातला. त्याला दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, हे आजपर्यंत कोणी बघितलंच नाही." वहीतून दुसरा पत्ता काढून दिला. तो पीबीएलमध्ये होता फक्त. घेतला.